असाटीग: समुद्रकाठच्या गजबजलेल्या स्टेट पार्कात चार रात्री

रानजाई

मंडळी, दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "आईबाबा आलेत भारतातून, असाटीगला तंबूत राहायचं म्हणतोय, झेपेल का त्यांना?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. आम्ही मेरीलँडमध्येच राहतो. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तिथे जाऊन आलो आणि या वेळी सासू-सासरेही बरोबर होते. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. चार रात्री मुक्काम.

आधी जागा समजून घ्या, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. असाटीग हे अटलांटिकच्या काठाला समांतर पसरलेलं ३७ मैल लांबीचं अरुंद वाळूचं बेट आहे. उत्तरेकडचा भाग मेरीलँडमध्ये, दक्षिणेकडचा व्हर्जिनियात. मेरीलँडच्या बाजूने खाडीवरचा पूल ओलांडला की लागतं ते असाटीग स्टेट पार्क, म्हणजे राज्य सरकारचं. आठशेहून अधिक एकर, दोन मैलांचा किनारा आणि तंबूच्या साडेतीनशेच्या आसपास जागा. त्याला खेटूनच राष्ट्रीय उद्यानवाल्यांचा नॅशनल सीशोर आहे, त्यांचीही तंबूची सोय आहे. दोन्हींचं बुकिंग वेगळं आणि पैसेही वेगळे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब एकीकडचं बुकिंग घेऊन दुसरीकडच्या फाटकाशी रांगेत उभं राहिलं होतं.

मी लिहितेय ते स्टेट पार्कबद्दल. तिथे अंघोळीला गरम पाणी मिळतं, संडास फ्लशचे आहेत, प्रत्येक जागेवर लाकडी टेबल आणि शेकोटीचं कडं आहे. तंबूंच्या ओळी, मग वाळूची टेकाडं आणि टेकाडांपलीकडे थेट महासागर. रात्री दिवे मालवल्यावर लाटांचा आवाज तंबूच्या कापडाला टेकून आल्यासारखा वाटतो. उत्तरेला क्षितिजावर ओशन सिटी या शेजारच्या शहरातल्या उंच इमारतींचे दिवे दिसतात, आणि आपल्याकडे मात्र अंधार.

गर्दी असते, हे आधीच सांगते. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत एकही जागा रिकामी दिसत नाही. शेजारच्या तंबूतलं घोरणं ऐकू येतं. सावलीचं नाव नाही. आणि तरीही मी पुन्हापुन्हा तिथे का जाते, त्याचं अर्धं उत्तर घोडे.

या बेटावर रानघोडे आहेत. स्पॅनिश जहाज फुटलं आणि घोडे पोहत आले, अशी दंतकथा तिथे सगळे सांगतात. जास्त पटण्यासारखी गोष्ट अशी की सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांनी कर आणि कुंपणाचे कायदे चुकवायला जनावरं बेटावर सोडली, त्यांचे हे वंशज. ठेंगणे, दणकट, आणि पोट नेहमी फुगलेलं. खाऱ्या दलदलीतलं खारं गवत खातात, मग पाणीही खूप प्यावं लागतं, म्हणून ते पोट. तंबूंच्या मधून, गाड्यांच्या मधून, रस्त्याच्या मधोमध ते आपल्याच वाड्यात असल्यासारखे फिरतात.

सासऱ्यांचं बालपण देवबागचं. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी आणि माड. पुलावरून खाली उतरताना त्यांनी दोन्हीकडे पाणी पाहिलं आणि म्हणाले, "अगो बाय, ह्यां तर देवबागच!" त्यानंतर चार दिवस ते त्या बेटाचे यजमानच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई शेगडीवर पोळ्या करत होत्या. रस्त्याच्या कडेला एक घोडी आणि तिचं शिंगरू येऊन थांबलं. आमच्या घरी पहिली पोळी गाईची, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. सासऱ्यांनी पोळीत गुळाचा खडा दुमडला आणि शांतपणे चालत निघाले. मी हाक मारेपर्यंत पलीकडून गणवेशातली एक मुलगी जवळजवळ धावतच आली आणि हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. त्यांना इंग्रजी कमी कळतं म्हणून ती एकेक वाक्य बोलत गेली आणि मी सांगत गेले. माणसाच्या हातचं एकदा मिळालं की घोडा रस्त्यावर येऊन थांबायला शिकतो. गाडी दिसली की जवळ जातो. मग कधीतरी रात्री एखादी गाडी थांबत नाही. शिवाय त्यांच्या पोटाला आपलं अन्न सोसत नाही.

सासरे पोळी हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग ती त्यांनी स्वतः खाल्ली. संध्याकाळी म्हणाले, "आमच्या गाईला गोठा असतो, दावं असतं. हिचं घर म्हणजे हे गवत. आपण तिला त्यातनं बाहेर बोलवायचं नाही." पुढचे दोन दिवस आजूबाजूची पोरं घोड्यांकडे धावली की तेच हात आडवा करून थांबवायचे, मालवणीत समजावायचे आणि पोरं थांबायचीसुद्धा.

घोड्यांपासून ४० फूट लांब राहायचं, असा नियम आहे. एका एसटीच्या लांबीहून चार पावलं जास्त, असं आम्ही मुलांना सांगितलं. घोडा आपल्याकडे आला तर आपण मागे सरायचं, तो आधीपासून तिथे आहे. खाण्याचं सगळं सामान गाडीत, काचा वर आणि दारं बंद. टेबलावरचा कूलर त्यांना उघडता येतो. मला हे जीव तोडून सांगावंसं वाटतं, कारण दर वेळी कुणीतरी शिंगराशेजारी पोर उभं करून फोटो काढताना दिसतंच.

बाकीचं, म्हणजे वारा, डास, वाळू, बुकिंग, जमेल तसं खाली लिहीत जाईन. विचारा.

सागरगोटा

रानजाई, फार गरजेचा धागा. बुकिंगचं मी सांगतो, गेली बरीच वर्षं न्यूजर्सीहून जातोय.

मेरीलँडच्या स्टेट पार्कांचं बुकिंग वर्षभर आधी उघडतं. उन्हाळ्यातला शुक्रवार-शनिवार हवा असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून त्या सकाळी बसायचं, दुसरा मार्ग नाही. ते जमलं नाही तर रद्द होणाऱ्या जागांवर डोळा ठेवा. लोक वर्षभर आधी घेतात, मग शाळा, लग्नं, आजारपणं निघतात. मुक्कामाच्या आदल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जागा सुटतात. मला जुलैतली जागा दोनदा अशीच मिळाली. रोज सकाळी चहा घेताना पाहायचं, एवढंच.

आणि शक्य असेल तर सप्टेंबरचा मधला आठवडा घ्या. शाळा सुरू झालेल्या, पाणी उन्हाळाभर तापून अजून ऊबदार. मे महिन्यात हवा सुंदर असते, पण समुद्रात पाय घातला की कळ येते. सप्टेंबरात वादळाचा अंदाज मात्र रोज बघायला हवा.

उंबरठा

माझी आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. रात्री दोनदा उठावं लागतं. तंबूत खाली झोपणं तिला शक्यच नाही. ती मात्र म्हणते, मला समुद्रापाशीच झोपायचंय. कसं करू? हॉटेल घेऊन दिवसा जावं का?

रानजाई

उंबरठा, सासूबाईंचीही हीच अडचण होती. आम्ही घडीची खाट नेली, साधारण खुर्चीच्या उंचीची. खाटेवरून उठणं जमिनीवरून उठण्यापेक्षा कितीतरी सोपं. तंबू असा घ्या की दारात वाकावं लागणार नाही, म्हणजे उभ्याने आत जाता येईल. असा उंच तंबू वारा जास्त खातो, त्याबद्दल पुढे लिहिते.

जागा निवडताना नकाशात स्नानगृहाच्या इमारतीपासून दोन-तीन जागा सोडून घ्या. अगदी शेजारची घेऊ नका, रात्रभर दिवा आणि दारांचा आवाज. फार लांबचीही नको, रात्री वाळूत चालणं गुडघ्याला महागात पडतं. सासूबाईंच्या कपाळाला बांधायचा दिवा दिला होता, लाल उजेडाचा. त्या पहिल्या रात्री लाजल्या, दुसऱ्या रात्रीपासून काढेचनात.

तंबूच्या दारात पाण्याची बादली आणि एक जुना टॉवेल. पाय धुवून, पुसूनच आत. आणि अंगाला चिकटलेली वाळू लहान बाळाच्या पावडरीने चटकन सुटते. आईला घेऊन जा, हॉटेल नको. समुद्रापाशी झोपायचंय म्हणतात ना त्या.

पिंपळपान

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

साडेतीनशे कुटुंबं रांगेने झोपतात ती मला वस्ती वाटते. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच राज्यातल्या अशाच समुद्रकाठच्या मोठ्या पार्कात होतो. शेजारच्यांनी रात्री बारापर्यंत जनरेटर चालवला, सांगूनही बंद केला नाही, आणि माझ्या मुलीला समुद्र ऐकूच आला नाही. तेव्हापासून मी गर्दीच्या जागी जात नाही. असाटीगला आम्ही नॅशनल सीशोरच्या बाजूला, गाडी लांब ठेवून चालत जायच्या जागा घेतो. अंघोळीला गार पाणी, संडास साधे, पण पहाटे टेकाडामागून सूर्य वर येताना आजूबाजूला कुणी नसतं.

ज्यांच्याबरोबर वयस्कर मंडळी नाहीत आणि ज्यांना गार पाण्याचं काही वाटत नाही त्यांनी तिकडे जावं, एवढंच माझं म्हणणं.

रानजाई

पिंपळपान, राग कसला. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. समुद्रापर्यंत जायचं आणि तो ऐकू येऊ नये, हे खरंच फार वाईट.

पण गर्दीची दुसरी बाजू मी पाहिलीय. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास वारा फिरला. मघाशी म्हटलं तसा आमचा तंबू उंच, त्याची समुद्राकडची बाजू आत दबली आणि दोन खुंट्या उपटून हवेत लटकायला लागल्या. हे बाहेर धावले, मी आतून खांब धरून उभी, मुलं रडायला लागली. पाचेक मिनिटांत शेजारच्या दोन तंबूंतून माणसं आली. एकाच्या हातात हातोडा, दुसऱ्याकडे लांब खुंट्या. एक आजी आल्या आणि मुलांना उचलून त्यांच्या गाडीत नेऊन बसवलं. नावंसुद्धा सकाळी कळली. त्या रात्री त्या वस्तीने आम्हाला सांभाळलं, आणि सासूबाई रोज देवापुढे दिवा लावताना त्या आजींची आठवण काढतात.

म्हणून म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना मी गर्दीचीच जागा घेईन. मुलं मोठी झाली की तुमच्याकडच्या जागांचा विचार नक्की करेन.

घाटवाट

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण पहिल्या खेपेला आमचा तंबू पूर्ण गेला होता. फाटला, खांब मोडला, रात्र गाडीत.

मी पुण्यात असताना सह्याद्रीत पुष्कळ मुक्काम केलेत. तिथे खुंटी लागली नाही तर दगड असतो, झाडाला दोर बांधता येतो. असाटीगला दगडही नाही आणि झाडही नाही, आहे ती कोरडी वाळू. तंबूबरोबर मिळणाऱ्या बोटभर खुंट्या तिथे काडीसारख्या निघून येतात. दीड फूट लांबीच्या, वाळूसाठी बनवलेल्या रुंद खुंट्या घ्या. डोकं तंबूपासून लांब झुकलेलं राहील अशा तिरक्या ठोका, म्हणजे दोर ओढला की खुंटी जास्त रुतते. वरची कोरडी वाळू हाताने बाजूला करून खालच्या ओलसर थरात ठोका.

याहून भक्कम उपाय म्हणजे पुरायची पिशवी. कापडी पिशवीत वाळू भरायची, तोंडाला दोर बांधायचा, हातभर खोल आडवी पुरायची आणि वरून वाळू दाबायची. समुद्राकडच्या दोन कोपऱ्यांना अशा पिशव्या लावल्यापासून माझा तंबू हललेला नाही.

दार समुद्राच्या बाजूला करायचा मोह होतो, करू नका. आणि किनाऱ्यावर जाताना सावलीसाठी उभारलेला मंडप मिटवून जा. तो उडाला तर दुसऱ्याच्या मुलाला लागतो. विजा चमकायला लागल्या की तंबू सोडून गाडीत बसायचं, यात चर्चा नको.

मीठभाकर

खाण्याचं आणि डासांचं माझ्याकडे.

डास: मनावर घ्या. खाडीच्या बाजूला खारी दलदल आहे, तिथे ते वाढतात. समुद्रावरून वारा असेल तर तुम्हाला वाटेल, कुठे आहेत डास. वारा जमिनीकडून सुटला की अर्ध्या तासात अंगभर. जुलै-ऑगस्टमध्ये वर हिरव्या डोळ्यांच्या मोठ्या माश्या, त्या दिवसाढवळ्या कडकडून चावतात. जाळीचा मंडप टेबलावर लावला तरच जेवण सुखाचं होतं. संध्याकाळी सगळ्यांना पातळ सुती पूर्ण बाह्या आणि पायजमे. मलम लावाच, कडुलिंबाच्या तेलावर विसंबू नका, मी विसंबून पाहिलंय. गवतातून, झुडपांतून गेलात तर रात्री मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या लवणीत गोचीड बघायची. ही तपासणी एक रात्रही चुकवू नका.

जेवण: वाऱ्यामुळे शेगडीची आच अर्धी वाया जाते, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवा. प्रेशर कुकर न्या. मुगाची खिचडी, वर तूप, मेतकूट, भाजलेला पापड. इतक्या थकव्यावर याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. थालीपिठाची भाजणी कोरडी न्यायची, तिथेच मळायची. पोह्यांत वाळू गेली तर टाकून द्यावे लागतात, म्हणून भिजवलेले पोहे झाकल्याशिवाय ठेवू नका. सुकट, बोंबील घरी ठेवा, चार दिवस गाडीत बंद राहिले तर परतीचा प्रवास कठीण.

माझं आवडतं म्हणजे खाडी. सिनेपक्सेंटची खाडी उथळ आहे, गुडघाभर पाण्यात लांबवर जाता येतं. चिखलमिश्रित वाळूत पायाच्या बोटांनी चाचपत गेलं की तिसऱ्यांची भलीमोठी चुलत बहीण सापडते, जाड कवचाची. दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे धरणारी माणसंही दिसतात. मी मालवणची नाही, हर्णैची आहे, पण ओहोटीला आजीबरोबर टोपली घेऊन गेलेली सकाळ तिथे परत मिळाली. किती घ्यायचे, केवढे घ्यायचे, मादी सोडायची का, हे नियम तिथल्या फलकावर वाचूनच पाण्यात उतरा. छोटं सापडलं तर परत त्याच जागी.

माडबन

मी मालवणात असतो, अमेरिकेला कधी आलो नाही. देवबागचं नाव वाचून लिहितोय. रानजाईताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे ती वाळूची पट्टी खचते आहे. पावसाळ्यात समुद्र माडांच्या मुळांशी येतो, लोक बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं मागणी करतात. तिकडच्या बेटाचं काय? अशा अरुंद वाळूवर इतक्या लोकांची सोय सरकारने केली आहे, ती टिकते कशी?

पिंपळपान

माडबन, या प्रश्नासाठी तुमचे आभार, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

असाटीग टिकून आहे कारण त्यावर गाव वसलं नाही. पण वसणार होतं. १९५० च्या दशकात बेटावर हजारो प्लॉट पाडून विकले गेले होते. लांबलचक डांबरी रस्ता झाला होता, बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा. काही घरं उभीही राहिली. मग मार्च १९६२ मध्ये मोठं वादळ आलं. बेटावरून पाणी आरपार गेलं, घरं आणि रस्ता दोन्ही गेलं. त्यानंतर लोकांना कळलं की ही जागा घरांची नाही. १९६५ मध्ये नॅशनल सीशोर जाहीर झाला. सीशोरच्या हद्दीत टेकाडांतून जाणारी एक छोटी पायवाट आहे, तिथे त्या रस्त्याच्या डांबराचे तुकडे अजून वाळूतून डोकावतात. मी प्रत्येक वेळी मुलीला तिथे नेतो.

त्याआधीची गोष्टही सांगायला हवी. १९३३ पर्यंत हे बेट आणि ओशन सिटीची जमीन सलग होती. त्या वर्षी ऑगस्टच्या चक्रीवादळाने मधोमध तोंड फोडलं. मासेमारीसाठी ते सोयीचं म्हणून दोन्ही बाजूंना दगडी धक्के बांधून कायम उघडं ठेवलं. आता त्या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. धक्क्याने ती अडवली, ओशन सिटीच्या बाजूला साठली आणि असाटीगच्या उत्तर टोकाची उपासमार झाली. ते टोक मागे, पश्चिमेला सरकत गेलं. आता तळातली वाळू उपसून बेटासमोर टाकतात, म्हणजे जी वाळू आपोआप आली असती ती यंत्राने पोचवायची.

तुमच्या बंधाऱ्याबद्दल मी इथून काही सांगणं बरोबर नाही, तिथे माणसांची घरं आहेत. पण एका ठिकाणी दगड टाकला की त्याच्या खालच्या अंगाची वाळू कुठे जाते हे आधी विचारा, असं या बेटाकडे बघून वाटतं.

टेकाडांवर चढू नका असे फलक आहेत, ते याचसाठी. त्यावरचं गवत वाळू धरून ठेवतं, आणि पावलांखाली ते गवत मरतं. आखून दिलेल्या वाटेनेच समुद्राकडे जा.

माडबन

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्याकडे वाळूवर पसरणारी मर्यादवेल उपटू नको म्हणून आजी ओरडायची ती याचसाठी. धन्यवाद.

सागरगोटा

समुद्रात उतरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा आलो. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

उन्हाळ्यात स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, ठरावीक भागात आणि ठरावीक वेळेत. त्या भागातच पोहा. हा महासागर आहे, लाट अगदी काठाशी येऊन उभी फुटते. पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ती डोक्यावर आपटते, मानेला इजा होते. लाटेकडे पाठ करायची नाही, हे मुलांना शंभरदा सांगा.

आणि ओढ. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, शांत दिसतं, लोक तिथेच उतरतात. तिथूनच पाणी आत परतत असतं. ओढीत सापडलात तर काठाकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढीबाहेर पडलात की मग काठाकडे. माझ्या भाच्याला असंच खेचलं होतं, जीवरक्षकाने आणला. त्याची आई अजून त्या पाण्याकडे बघत नाही.

निंबोणी

घोडे समुद्र पोहून येतात तो सोहळा हाच ना? जुलैत मुलांना दाखवायचा आहे. स्टेट पार्कमधून चालत जाता येईल?

रानजाई

निंबोणी, नाही, तो व्हर्जिनियाच्या टोकाला, शिंकोटीगला होतो. बेटावरून तिकडे जाणारा रस्ता नाही, गाडीने मुख्य भूमीवरून वळसा घालून तासाभराचा प्रवास. कळपही दोन वेगळे आहेत, राज्यांच्या सीमेवर बेटावर कुंपण आहे. व्हर्जिनियाचे घोडे तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचे. जुलैच्या शेवटी, बुधवारी, ते त्यांना खाडीतून पोहवत आणतात आणि काही शिंगरांचा लिलाव करतात. पोहण्याची ही प्रथा १९२५ पासूनची.

मेरीलँडच्या घोड्यांचा लिलाव होत नाही. त्यांची संख्या फार वाढू नये म्हणून १९९४ मध्ये घोड्यांच्या माद्यांना लांबून सुईच्या बाणाने गर्भनिरोधक लस द्यायला सुरुवात झाली. ८० ते १०० घोडे एवढंच बेटाचा मेरीलँडकडचा भाग पोसू शकतो, जास्त झाले तर गवत संपतं, आणि पिंपळपान म्हणाले तशी टेकाडं उघडी पडतात. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "उपाशी राहण्यापेक्षा बरं."

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री धागा आईला फोनवर वाचून दाखवला. गोग्रासाचं आलं तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, त्या आजोबांना भेटायचंय.

आणि जागा मिळाली! सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार, रद्द झालेली. नकाशात पाहिलं, स्नानगृहापासून तिसरी. खाट मागवली. लांब खुंट्या मात्र इथल्या दुकानात संपल्यात.

घाटवाट

खुंट्या नाही मिळाल्या तरी पुरायच्या पिशव्या विसरू नका. जुन्या भाजीच्या कापडी पिशव्या चालतात. चार न्या.

रानजाई

उंबरठा, खुंट्या माझ्याकडून घेऊन जा. वीस आहेत. त्यातल्या सहा त्या रात्री आलेल्या शेजाऱ्यांच्या, सकाळी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतल्या नाहीत. एक वाकली होती, ती सासऱ्यांनी गॅरेजात ठोकून सरळ केली आहे. ते १० सप्टेंबरपर्यंत इथे आहेत, आईंना घेऊनच या, पोळ्या आमच्याकडे.